वायर कोणती ते नंतर, आधी ती जाणार कुठून ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुनावळ्यात अकराव्या मजल्यावर तीन बेडरूमचा फ्लॅट, ३०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. हॉलमध्ये फोनवर २८० पर्यंत स्पीड दिसतो. पण शेवटच्या बेडरूममध्ये, जिथे तुमचं ऑफिसचं टेबल आहे, तिथे कसाबसा ३०, आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतो. त्याच खोलीत पुढेमागे फोटो-व्हिडिओ साठवायला नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, घ्यायचा विचार आहे, म्हणून एकदाच काय ते पक्कं वायरिंग करून टाकावं असं वाटतंय. दुकानदार म्हणतो कॅट ८ दर्जाची नेटवर्क केबल घ्या, इलेक्ट्रिशियन म्हणतो भिंतीला झिरी, म्हणजे खाच, मारावी लागेल, मेहुणा म्हणतो वायरबियर सोडा, मेश आणा, म्हणजे खोल्यांत ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे. तर नक्की काय घ्यावं: कॅट ६, ६ए, ७ की ८?

मी पुण्यात घरांमधली आणि छोट्या ऑफिसांमधली नेटवर्कची कामं बरीच वर्षं करतोय. वायरच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देतो: शुद्ध तांब्याची कॅट ६, बिनशिल्डची (आत धातूचं वेष्टण नसलेली), विषय संपला. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. हॉलपासून त्या खोलीपर्यंत वायर जाणार कुठून? घरातलं नेटवर्किंग हे ऐंशी टक्के पाइपांचं आणि भिंतींचं काम आहे. रस्ता सापडला की उरलेलं काम एका दुपारचं. रस्ताच नसेल तर कॅट ८ घेऊन ती काय खुंटीला टांगायची?

पण रस्ता शोधण्याआधी, दुखणं वायफायचंच आहे ना, हे बघून घ्या. लॅपटॉप एका चांगल्या केबलने थेट कंपनीच्या डब्याला, म्हणजे ज्यात फायबर येऊन संपतं त्या ओएनटीला (बहुतेक घरांत हाच राउटरही असतो) जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. २८०-३०० आले तर बाहेरची लाइन ठीक आहे आणि घोडं घरातच पेंड खातंय. वायर लावूनही ५० च आले तर घरभर तांबं खेळवून काही उपयोग नाही, कंपनीकडे तक्रार करा. आणि आकडा ९४-९५ वर येऊन हटेचना झाला, तर डब्याचं ते पोर्ट किंवा तुमची केबल १०० एमबीपीएसवर अडकली आहे. स्वस्तातल्या बऱ्याच ओएनटींमध्ये एकच पोर्ट गिगाबिटचं असतं, बाकीची १०० ची. बऱ्याचदा पोर्टवर किंवा खालच्या लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते एक पोर्ट शोधून ठेवा, खोलीकडे जाणारी वायर पुढे त्यातच लावायची आहे.

दुसरी तपासणी त्या शेवटच्या खोलीत करा. स्पीड टेस्टच्या आकड्यावर सगळेच भाळतात, पण मीटिंग तुटते ती स्पीडमुळे नाही. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुष्कळ होतात. तुमच्याकडे ३० आहेत. आवाज तुटतो तो पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, उशिरा किंवा वेळीअवेळी पोचल्यामुळे. कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला, बहुतेक १९२.१६८.१.१, सलग पिंग लावून ठेवा, म्हणजे राउटरला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि दहा मिनिटं आकडे बघत बसा. वायरवर हा आकडा एक मिलिसेकंदाच्या खालीच राहतो. तुमच्या वायफायवर ५, ७, ६, मग एकदम १८०, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, मग पुन्हा ६ असं दिसलं तर तो १८० म्हणजेच तुमचा तुटणारा आवाज. इंटरनेट बाजूलाच राहिलं, तुमच्याच घरातल्या डब्यापर्यंत पोचायला एवढे हेलपाटे पडताहेत. हे दिसलं की वायर टाकायचा निर्णय बरोबर आहे असं बेलाशक समजा.

आता एक फुकटातला उपाय, जो कोणी सांगत नाही कारण त्यात कोणाचाच धंदा नाही. ओएनटी टीव्हीच्या मागेच का आहे? कनेक्शन द्यायला आलेल्या मुलाला तिथे प्लग पॉइंट दिसला म्हणून. फायबर केसासारखं बारीक असतं, दाराच्या चौकटीवरून, स्कर्टिंगच्या कडेने सहज जातं. जपायचं ते एवढंच की तीव्र कोनात दुमडू नये. कंपनीला फोन करून ओएनटी हॉलमधून पॅसेजच्या तोंडाशी हलवून घेता येतो. कधी फुकट, कधी थोडे पैसे घेतात. टीव्हीच्या मागून, तेही एखाद्या सेटटॉप बॉक्सला आणि धातूच्या पॅनलला चिकटून असलेला डबा मोकळ्यावर आला की निम्म्या घरांत निम्मं दुखणं जातं. ओएनटी मुख्य दाराजवळच्या लोखंडी बॉक्समध्ये बंद असेल तर विचारूच नका. पत्र्याच्या पेटीत वायफाय कोंडून मग बेडरूममध्ये सिग्नल नाही म्हणून लोक मेश विकत आणतात.

तुमच्या बाबतीत मात्र डबा हलवून काम पूर्ण भागेल असं वाटत नाही, कारण तुमची इमारत, तुम्ही लिहिलंय त्यावरून, मायवानची आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: वाकड, हिंजवडी, पुनावळे, बाणेरकडच्या बऱ्याच नव्या टॉवरांमध्ये विटांच्या भिंती नसतातच. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी काँक्रीटमध्ये ओततात. म्हणजे तुमच्या बेडरूमची भिंत ही आतून सळ्यांची जाळी असलेली काँक्रीटची भिंत. असल्या एका भिंतीतून वायफाय कसंबसं जातं, दोन ओलांडताना दमतं, तिसरीपलीकडे वायफायचा वेगवान ५ गिगाहर्ट्झचा बँड जवळपास संपतो आणि फोन मुकाट्याने संथ २.४ गिगाहर्ट्झवर जातो. तुमचा ३० चा आकडा बहुधा तिथूनच आला. याचा एक फायदाही आहे, शेजाऱ्यांचं वायफायही तुमच्याकडे फारसं घुसत नाही.

आणि म्हणूनच त्या इलेक्ट्रिशियनला झिरी मारू देऊ नका. विटांच्या घरात झिरी मारून पाइप बसवणं नेहमीचं काम आहे. मायवानमध्ये ती भिंतच इमारतीचा भार घेते. ती कापायची नसते. ताबा घेताना बिल्डरने दिलेल्या कागदांत हे बहुतेक लिहिलेलं असतं आणि सोसायटीही अडवेल, अगदी योग्य कारणासाठी. सगळ्याच आतल्या भिंती काँक्रीटच्या असतील असं नाही, काही ठिकाणी मधल्या भिंती ब्लॉकच्या असतात, पण ते नकाशा बघून ठरवा, टकटक करून नाही.

मग रस्ता कुठला? काँक्रीट ओतायच्या आधीच सळ्यांना बांधून विजेचे पाइप भिंतीत घातलेले असतात, आणि त्यात टीव्हीचे, टेलिफोनचे पाइपही असतात. टीव्हीचा पॉइंट साधारणपणे हॉलमध्ये आणि एक-दोन बेडरूममध्ये दिलेला असतो. आजकाल त्यात बहुतेकांच्या घरी काहीच जोडलेलं नसतं. तोच तुमचा राजमार्ग. हे सगळे पाइप बहुधा मुख्य दाराजवळच्या किंवा पॅसेजमधल्या एका छोट्या बॉक्समध्ये येऊन मिळतात, तो आधी शोधा. कधी तो चपलांच्या कपाटामागे गेलेला असतो, कधी इंटिरियरवाल्याने त्यावर लॅमिनेट ठोकलेलं असतं.

तो सापडला की बेडरूममधल्या टीव्ही पॉइंटची प्लेट उघडा. आत काळी किंवा पांढरी जाड कोॲक्स केबल असेल. एकाला बॉक्सपाशी उभं करा आणि इकडून केबल दोन बोटांत धरून हलकेच ओढा. तिकडे हलली? मग लॉटरी लागली. कोॲक्सच्या टोकाला नवी कॅट ६ बांधायची, पण गाठ मारून नाही. कोॲक्सचं शेवटचं टोक तासून बारीक करा, कॅट ६ च्या चार जोड्यांपैकी दोन मागे कापा, दोन पुढे ठेवा, म्हणजे जोड निमुळता होतो, आणि त्यावर इन्सुलेशन टेप घट्ट, ओढायच्या दिशेने गुळगुळीत गुंडाळा. थोडी टाल्कम पावडर. मग एकाने ओढायचं, दुसऱ्याने तिकडून सरळ करत आत सोडायचं. ओढणारा आणि सोडणारा यांच्यात बोलणं चालू राहिलं पाहिजे. अडकलं की दणका न देता एक हात मागे घेऊन पुन्हा. कॅट ६ ला साधारण अकरा किलोच्या वर ताण देऊ नये. त्याहून जोरात खेचली तर आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो; बाहेरून काही दिसत नाही आणि मग वायर गिगाबिटला कुरकुरते. जुनी कोॲक्स त्या पॉइंटला पुन्हा लागणार असेल तर कोॲक्सबरोबर एक नायलॉनची दोरीही ओढून घ्या आणि पाइपात कायमची राहू द्या. पुढच्या माणसाचे आशीर्वाद मिळतील.

पाइप रिकामा असेल तर इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग घालायची. कोॲक्स हललीच नाही तर पाइपात कुठेतरी सिमेंटचं पाणी गेलंय किंवा पाइप दबलाय. दुसरा पॉइंट बघा, टेलिफोनचा बघा. नेहमीच्या २० मिमी पाइपात कॅट ६ च्या दोन वायरी आरामात जातात, तिसरी हट्टाने. एक नियम मात्र मोडायचा नाही: २३० व्होल्टच्या वायरी ज्या पाइपात आहेत त्यात नेटवर्कची वायर घालायची नाही. ‘साहेब, काही होत नाही’ असं म्हणणारा भेटेल. होतं. इन्सुलेशन सोललं तर ती वीज थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत जाते. शेजारून समांतर नेतानाही वीतभर अंतर ठेवा. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

सगळेच पाइप बंद निघाले तर उरतात वरवरचे मार्ग. पॅसेजमध्ये फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वरून. नसेल तर केसिंग पट्टी (वायर झाकायची प्लास्टिकची पन्हळ), दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेने, भिंतीच्याच रंगात रंगवलेली. दिवाळीपर्यंत ती डोळ्यांना खुपते, नंतर कोणाला दिसत नाही. तिसरा मार्ग एसीच्या पाइपसाठी ठेवलेल्या भोकातून बाहेर ड्राय बाल्कनीत आणि तिथून दुसऱ्या खोलीत. चार-पाच मीटरसाठी हे चालतं, पण वायर बाहेरच्या वापराची, काळ्या जाड आवरणाची घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात न येता तिथे ठिबकेल.

तुमच्यासारखाच प्रश्न इतरांनाही असणार, म्हणून घर बदललं की उत्तर कसं बदलतं तेही सांगतो. कोथरूड, सहकारनगरकडच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सोसायट्यांमध्ये भिंती विटांच्या, भोक पाडणं सोपं, पण जुने पाइप बहुतेक तुंबलेले. तिथे मी पाइपांच्या नादी लागत नाही, सरळ भोक पाडून केसिंग पट्टी. पेठांतल्या वाड्यांत भिंती हातभर जाड, पण लाकडी तुळयांच्या कडेने वायर इतकी सुंदर लपते की विचारू नका. आणि ज्यांचं घर अजून इंटिरियरच्या अवस्थेत आहे त्यांनी हातातलं काम सोडून सुताराला फोन करावा. पीओपी बंद होण्याआधी प्रत्येक खोलीत दोन वायरी आणि पॅसेजच्या छतात एक, एवढं टाकून ठेवा. तेव्हा जे काही शे रुपयांत होतं ते नंतर हजारांत होत नाही.

मेहुण्याच्या मेशबद्दल. मेश वाईट नाही, पण मेशचे डबे एकमेकांशी बोलतात ते हवेतूनच, त्याच काँक्रीटमधून. साध्या मेशमध्ये एकच रेडिओ डब्याशीही बोलतो आणि तुमच्या फोनशीही, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. महागड्या तीन बँडच्या मेशमध्ये त्यासाठी वेगळा रेडिओ असतो, पण भिंत तीच राहते. तेच दोन डबे वायरने जोडले तर मात्र ती व्यवस्था उत्तम. म्हणजे मेश घेतलात तरी वायर चुकत नाही. विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॅप्टरही लोक सुचवतात. मोठ्या फ्लॅटमध्ये अनेकदा थ्री फेज असतं, हॉल एका फेजवर आणि बेडरूम दुसऱ्यावर. त्यात इन्व्हर्टरचं वेगळं सर्किट. मग हे ॲडॅप्टर एकमेकांना नीट ऐकूच शकत नाहीत. परत घेणाऱ्या दुकानातून आणून बघा, त्याशिवाय नको.

आता वायर. गिगाबिट तर कॅट ५ई वरही १०० मीटर धावतं, २.५ गिगाबिटसुद्धा. कॅट ६ वर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जातं. तुमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात लांबची ओढ पंचवीस मीटरच्या वर जाणार नाही. कॅट ६ए वर १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर जातं, पण ती जाड आणि ताठ असते, तुमच्या पाइपाच्या वळणात रुतून बसेल. कॅट ८ डेटा सेंटरसाठी आहे, तीस मीटरची मर्यादा, शिल्ड असलेली. आणि शिल्डचा फायदा तेव्हाच जेव्हा दोन्ही टोकांची साधनं आणि अर्थिंग त्या तोडीची असतील. घरात ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ‘कॅट ७’ छापलेल्या ज्या चपट्या केबली ऑनलाइन मिळतात त्यांच्या नावावर जाऊ नका, आत केसासारखे तार असतात. उलट, पाइप फारच अरुंद निघाला आणि कॅट ६ जाईना, तर चांगली कॅट ५ई घाला आणि शांत झोपा.

नंबरापेक्षा धातू महत्त्वाचा. बाजारात सीसीए नावाची वायर सर्रास विकली जाते: आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. दिसते तांब्याचीच. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मीटरवर वायर घेत असाल तर काउंटरवरच एक इंच टोक सोलून मागा, आतली तार ब्लेडने खरवडा. शुद्ध तांबं खरवडलं तरी तांबूसच राहतं. सीसीए लगेच पांढरी पडते. दोन-तीनदा पुढेमागे वाकवा, सीसीए लवकर तुटते. बॉक्स उचलून बघितला तरी कळतं, सीसीएचा ३०५ मीटरचा बॉक्स तांब्यापेक्षा चांगलाच हलका लागतो. दुकानदाराने ब्लेड बघून तोंड वाकडं केलं तर तिथेच उत्तर मिळालं, पुढच्या दुकानात जा. सीसीए नेट चालवत नाही असं नाही, पहिल्या दिवशी मस्त चालते. पण ती ठिसूळ असते, सॉकेटच्या दातांत तुटते, आणि पुढे तिच्यावरून वीज पाठवायची झाली तर तापते. भिंतीत एकदा गेलेली वायर बदलायला पुन्हा हाच सगळा खटाटोप. तुम्हाला बॉक्स लागणारही नाही. वायरीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, कापल्यावर दोन टोकांचे आकडे वजा करून मीटर मोजून घ्या.

खोलीतल्या टोकाला भिंतीत पक्कं सॉकेट बसवा, म्हणजे मॉड्युलर प्लेटमध्ये बसणारं कीस्टोन. भिंतीतून लोंबणाऱ्या वायरीला थेट प्लग क्रिंप करून लॅपटॉपला लावू नका. भिंतीतली वायर एकसंध तारेची असते, रोजच्या वाकवण्याने तुटते. सॉकेटपासून लॅपटॉपपर्यंत बाजारातली तयार पॅच कॉर्ड, म्हणजे टोकांना प्लग लावलेली लवचिक केबल. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा, आपल्याकडे सहसा ‘बी’ पद्धत: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कीस्टोनवर हेच रंग छापलेले असतात. जोडीचा पीळ सॉकेटच्या अगदी तोंडाशी येईपर्यंत सोडू नका. अर्ध्या इंचाहून जास्त उसवलेला पीळ म्हणजे आळशी काम.

इथे ९४ चा आकडा पुन्हा येतो. १०० एमबीपीएसला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसेल तर बहुतेक वेळा नेट बंद पडत नाही, निमूटपणे १०० वर उतरतं. घरमालक खूश, इलेक्ट्रिशियन खूश, आणि ३०० च्या प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातच असतात. दहापैकी पाच-सहा तक्रारी निघतात त्या याच्याच. दोन टोकांना लावायचा दिव्यांचा टेस्टर स्वस्तात मिळतो, आठही दिवे क्रमाने लागलेच पाहिजेत.

एका वायरीवर अनेक साधनं जोडायला नेटवर्कचा स्विच (जास्तीच्या पोर्टांचा छोटा डबा) घ्याल, तेव्हा खोक्यावर ‘गिगाबिट’ लिहिलेलं बघून घ्या. दिसायला हुबेहूब तसाच, किमतीला निम्मा, १०० एमबीपीएसचा स्विच अजूनही विकला जातो. पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच हजार-दीड हजारात येतो, सेटिंग काही नाही, लावला की चालतो. एक सावधगिरी: एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये कोणी खोचली, आणि साफसफाई करताना खोचतात, तर घरातलं सगळं नेट ठप्प होतं.

नॅसचं गणित मजेशीर आहे आणि इथे पैसे वाचवता येतात. गिगाबिटवर फाइल सेकंदाला ११०-११५ मेगाबाइटने जाते. साधी हार्ड डिस्क सलग वाचताना त्याहून जास्त देऊ शकते, दीडशे-दोनशेच्या घरात. म्हणजे नॅस आल्यावर वायर अडसर होईल, हे खरं. पण नॅस आणि तुमचा कॉम्प्युटर एकाच खोलीत, एकाच टेबलाखाली राहणार आहेत ना? मग २.५ गिगाबिटचा स्विच फक्त त्या खोलीत लावा, नॅस आणि कॉम्प्युटर त्याला जोडा. त्या दोघांमधला डेटा त्या स्विचमध्येच फिरतो, हॉलपर्यंत जातच नाही. हॉलकडे जाणाऱ्या वायरीला फक्त इंटरनेट वाहायचंय, त्याला गिगाबिट पुरून उरतं. कॉम्प्युटरला २.५ चं पोर्ट नसेल तर यूएसबीचा ॲडॅप्टर मिळतो. १० गिगाबिटचा विचार तेव्हाच करा जेव्हा नॅसमध्ये एसएसडी असतील आणि तुम्ही थेट तिच्यावरून फोर-के व्हिडिओ एडिट करत असाल. तेव्हाही एका खोलीपुरतं ते दोन मीटरच्या तयार डीएसी (१० गिगाबिटची आखूड, टोकं लावलेली) केबलने होतं, भिंतीतलं काही बदलावं लागत नाही.

वायर त्या खोलीत पोचली की तिथे एक छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवरून वायफाय देणारा डबा, तोही लावा. फोन आणि टॅबलेटला काही वायर लावणार नाही तुम्ही. माझा हिशेब साधा आहे: जे जागचं हलत नाही, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, नॅस, ते वायरवर, जे हातात फिरतं ते वायफायवर, पण वायफायचा डबा त्याच्या खोलीत. जुना राउटर पडून असेल तर तोही चालेल, फक्त तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. तो मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (साधनांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता बदलून १९२.१६८.१.२ सारखा काहीतरी द्या, आणि वायर इंटरनेटसाठीच्या, बहुधा निळ्या, वॅन पोर्टमध्ये न घालता घरातल्या साधनांसाठीच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅनमध्ये घातली तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि मग ‘हॉलमधला प्रिंटर बेडरूममधून दिसत नाही’ हे प्रकरण सुरू होतं. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा, २.४ चे चॅनल वेगळे: एकीकडे १, दुसरीकडे ६ किंवा ११.

विजेचं विसरू नका. ओएनटीला मिनी यूपीएस लावलेला असतो, स्विचला लावायचं राहून जातं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की मग गंमत होते: हॉलमधलं वायफाय चालू आणि तुमची पक्की वायर मेलेली. स्विच आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. मिनी यूपीएसवर लावणार असाल तर व्होल्टेज जुळवा. ओएनटी बहुधा १२ व्होल्टचा असतो, छोटे स्विच अनेकदा ५ किंवा ९ चे, आणि पिन मात्र कधीकधी एकाच मापाची. आणि कुणी रो-हाउसवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: गच्चीवरून शेजारच्या इमारतीत तांब्याची वायर नेऊ नका. मे महिन्यातल्या वळवाच्या एका कडकडाटात दोन्हीकडची पोर्टं जातात. दोन इमारतींमध्ये फायबरच.

भाड्याचं घर असतं तर मी एवढं सगळं सांगितलंच नसतं. पंधरा-वीस मीटरची एक तयार पॅच कॉर्ड, स्कर्टिंगवर चिकटवायच्या क्लिपा, दाराखालून, संपलं. जाताना गुंडाळून न्यायची.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा. या रविवारी ओएनटीला थेट लॅपटॉप आणि बेडरूममध्ये पिंग. मग पाइपांचा बॉक्स शोधून कोॲक्स हलते का बघा. हलली तर इलेक्ट्रिशियनला ‘झिरी नाही, फक्त ओढायचं’ असं फोनवरच सांगून बोलवा, सोसायटीत दुपारची आवाजबंदी असेल तरी ड्रिल नसल्यामुळे अडचण नाही. एकाऐवजी दोन वायरी ओढून घ्या. मजुरी तीच लागते आणि एक कधी बिघडली तर दुसरी तयार असते. काम झाल्यावर त्याला पैसे देण्याआधी लॅपटॉप प्रत्येक सॉकेटला लावा, सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड १००० दिसतोय का बघा, आणि १०० दिसला तर सॉकेट त्याच्याकडूनच, तो असतानाच, पुन्हा करून घ्या. मग दोन्ही टोकांना मार्करने खोलीचं नाव लिहा आणि उघड्या बॉक्सचा झाकण लावण्याआधी फोनवर एक फोटो काढून ठेवा. कोॲक्स हललीच नाही तर बॉक्सचा आणि पॅसेजचा फोटो टाका, पुढचं त्यावरून सांगतो.